बाहेर भूकंप आहे, आत या

विरोधाभास नावाच्या अलंकाराचा मी एकदा खून केला होता. साक्षीदार साठ होते, सगळे दहावीतले, आणि सगळ्यांनी तो खून वहीत उतरवून घेतला. मी फळ्यावर लिहिलं होतं : शब्द + उलटा शब्द = विरोधाभास. वर त्याला चौकटही केली होती, म्हणजे परीक्षेत नेमकी तीच आठवावी.

गुन्ह्याची जागा लातूर. त्या वर्षांत लातुरात ज्याच्याकडे दहा पत्रे आणि एक फळा होता, तो क्लास काढत होता. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन स्टँडवर उतरत होती आणि मेरिटमध्ये येण्याच्या तयारीला लागत होती. आमच्या क्लासचे मालक गणिताचे सर होते. भाषा हा गणिताचाच एक आळशी प्रकार आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, एका अलंकाराला बारा मिनिटं. व्याख्येला दोन, उदाहरणाला दोन आणि ओळखायच्या ट्रिकला आठ. पोरांना कविता कळायची गरज न्हाई, मार्क पडायची हाय."

मी एम. ए. बी. एड. होते, चांगलीच तोऱ्यात होते, आणि तरी निमूटपणे ट्रिक दिली. पोटासाठी दिली असंही नाही. बारा मिनिटांत मलाच दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या चाचणीत प्रश्न घातला : विरोधाभासाचं स्वतःचं एक उदाहरण लिहा. उत्तरं आली. उंच बुटका माणूस. गोड कडू कारलं. काळा पांढरा फळा. एकाने 'दिवस रात्र' लिहून विषय संपवला होता, आणि एकाने 'आई वडील' लिहिलं होतं. त्याच्या घरचं वातावरण मला ठाऊक नाही, पण शून्य मी सगळ्यांना सारखंच दिलं.

संध्याकाळी सर गठ्ठा घेऊन आले. "सूत्रात बसतंय की ओ मॅडम. मार्क कशाचे कापले?"

"सर, ह्याला अर्थ नाही."

"अर्थ कुठं लिहिलाय सूत्रात?"

उत्तर आलं नाही की मी चिडते आणि चिडले की उरलंसुरलं उत्तरही जातं, हा माझा जुना आजार. शेवटी अर्ध्या अर्ध्या मार्कावर तडजोड झाली. 'आई वडील'वाल्यालासुद्धा अर्धा मिळाला. पण परतीच्या एसटीत मला तेच टोचत राहिलं. 'उंच बुटका' का चूक आणि 'बोलकी शांतता' का बरोबर? दोन्हीकडे उलटेच शब्द की. मग एक मेलेलं आणि एक जिवंत का वाटतं? ते मला समजत होतं, पण सांगता येत नव्हतं. मास्तरकीत असलं समजणं काही कामाचं नसतं.

खरं तर माझ्या घरी ह्या अलंकाराची खाणच होती. पण घरचं उदाहरण कोण बघतंय?

माझं गाव औसा. लातूरहून एसटीनं अर्धा-पाऊण तास. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, भूकंप झाला होता. आमच्या तालुक्यातली काही गावं त्या पहाटेनंतर उरलीच नाहीत. त्यांच्यावर बोलायचा मला हक्क नाही आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. आमचं मात्र तसं काहीही झालं नव्हतं. आमचं घर विटांचं, स्लॅबचं. दारावरच्या भिंतीला केसाएवढी एक चीर पडली, बस. इंजिनियर येऊन बोटानं ती चीर खरवडून गेला आणि म्हणाला, "घर ठणठणीत आहे, राहा खुशाल." आई म्हणाली, "ह्येच सांगायला सरकारनं गाडी दिली व्हय?" आणि बाज अंगणात टाकली.

आधी दोन बाजा बाहेर आल्या. मग स्टोव्ह, मग भांडी, मग पिठाचा डबा, मग देव, आणि एका सोमवारी टीव्ही. वर पत्रे घातले, तिन्ही बाजूंनी तट्ट्या बांधल्या. तात्पुरती सोय म्हणून बांधलेलं ते शेड हळूहळू इतकं कायमचं झालं, की त्याला आई दिवाळीला रंग द्यायची गोष्ट काढू लागली. मागे घर रिकामं, धडधाकट आणि अबोल उभं. वडील ड्युटीवर गेले की त्या रिकाम्या घराला मोठं कुलूप लावून आम्ही दोघी बाहेर बसून त्याची राखण करायचो.

आमच्या शेजारच्या आपा बांगड्या विकायच्या, सगळ्या गल्लीचे हात त्यांच्या हातांतून गेलेले. त्या आईला म्हणायच्या, "क्या जी, चोर आला तर तुम्हालाच उचलून न्हेईल. घरात तर कुछ बी न्हाई."

घरात होते फक्त अण्णा. माझे वडील एसटीचे ड्रायव्हर. पहिल्या रात्रीपासून ते आतच झोपले. "मी रोज आठ तास भूकंपातच बसून राहतो," ते म्हणायचे, "मला घरचा भूकंप काय कळणार?" आमचे कपडे कपाटात, म्हणजे आत. त्यामुळे रोज सकाळी आम्ही खिडकीबाहेर उभ्या राहून ऑर्डर द्यायची आणि अण्णांनी कपडे बाहेर फेकायचे. त्यांना निळा आणि हिरवा यांत फरक करता येत नसे. त्या वर्षी मी क्लासवर ज्या साड्या-पोलक्यांच्या जोड्या घालून गेले, त्यांवर विरोधाभासाची एखादी चाचणी सहज निघाली असती.

घराच्या दाराबाहेर एका सुट्या फळीवर आईनं सायरन उभा केला होता. उपडा तांब्या, त्यावर उपडा पेला, त्यावर वाटी, वाटीत दोन चमचे. जमीन हलली की हे सगळं कोसळायचं आणि आपण जागं व्हायचं. गल्लीत घरोघरी असं काहीतरी असायचंच. आमचा सायरन मांजरानं पाडला, वाऱ्यानं पाडला, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरनं पाडला, आणि एकदा अण्णांच्या शिंकेनं पाडला. खऱ्या धक्क्याच्या वेळी तो मख्ख उभा होता.

सरकारी जीपवाले भोंगा लावून सांगून गेले होते, की भूकंप आला तर घाबरू नका, दाराकडे पळा. आईनं ते पाठ केलं आणि गल्लीतल्या बायकांकडून करून घेतलं. "दाराकडं पळायचं. काय?" "दाराकडं." लहान पोरांपासून आपांपर्यंत सगळ्यांना ते मुखोद्गत होतं. ह्या पाठांतराला लातूरच्या क्लासवाल्यांनीही पैकीच्या पैकी दिले असते.

अशात जानेवारीच्या सुरुवातीला नांदेडहून पत्र आलं. एका शाळेत मराठीच्या शिक्षिकेची कायमची जागा. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी रुजू व्हा, अन्यथा जागा दुसऱ्यास देण्यात येईल. मुलाखत मी उन्हाळ्यात दिली होती आणि विसरलेही होते. त्या दिवसांत कायमची जागा म्हणजे काय, ते तासाच्या हिशेबावर राबणाऱ्यालाच विचारावं. मी पत्र चार वेळा वाचलं, पाचव्यांदा आईला वाचून दाखवलं आणि अडकले.

औसा ते नांदेड रोज जाणं-येणं होणारं नव्हतं. तिथंच राहावं लागणार. अण्णांच्या निम्म्या रात्री मुक्कामाच्या गाडीवर. मग आईला अंगणात एकटीला टाकून जायचं कसं?

"माय, तू घरात झोपायला लाग, म्हणजे मी जाते," मी म्हटलं.

"तू जा की. माझं मी बघते."

"तू आत गेल्याशिवाय मी जाणार नाही."

"मग ऱ्हा," आई म्हणाली, "मी काय आत जात न्हाई. तू आधी जाऊन दाव."

"मी कशाला? मला कुठं भीती आहे?"

आई भाकरी थापत राहिली. हे संभाषण रोज झालं, कधी दोनदा. अण्णांनी एकदा मध्ये पडून पाहिलं. "दोघीबी चला आत," ते म्हणाले, "न्हाईतर मीच बाहेर येतो, मग घरात भुतं ऱ्हातील." आम्ही दोघी त्यांच्यावर तुटून पडलो. निदान तेवढ्यापुरतं आमचं एकमत झालं.

दिवस जात होते. मी मनातल्या मनात नांदेडवर पाणी सोडायला लागले होते आणि त्याचा सगळा राग आईवर काढत होते. भित्र्या माणसांमुळे धीट माणसांचं नुकसान होतं, असं एक वाक्यही मी तिला ऐकवलं. आता आठवलं की कान गरम होतात.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आईनं हळदीकुंकू ठेवलं. अर्थातच अंगणात. दुपारी चारला पंधराएक बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या चाळण्या. आपाही आल्या होत्या. त्या कुंकू लावून घेत नसत, पण वाण आणि तिळगूळ हक्कानं घेत, आणि मागोमाग त्यांची शेळी बिनबोलावता येई. अण्णा रात्रपाळी करून आत झोपले होते, म्हणून घराचं दार उघडं होतं.

मी तिळगुळाचं ताट घेऊन शेवटच्या रांगेत पोचले होते. शेळीला बोरांचा वास लागला. बोरं फळीखाली होती. तिनं मान घातली, फळी उचलली गेली, आणि तांब्या, पेला, वाटी, दोन चमचे असा सगळा सायरन फरशीवर आदळला.

मग आई ओरडली, "दाराकडं!"

आता नीट बघा. आम्ही सगळ्या उघड्यावर होतो. डोक्यावर एक पत्रा सोडला तर आभाळ होतं. जगात भूकंपाला ह्याहून चांगली जागा नाही. जागच्या जागी बसून राहिलो असतो तरी चाललं असतं. पण सव्वा वर्ष पाठ केलेलं होतं, दाराकडं पळायचं. आणि अंगणात दार एकच होतं. घराचं.

पंधरा बायका उठल्या आणि घरात घुसल्या. चाळण्या चिरडत, पदर सावरत, एकमेकींना ढकलत. एक आजीबाई, ज्यांना एरवी दोन माणसं धरून उठवत, त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. आई उंबऱ्यात उभी राहून मागे राहिलेल्यांना दंडाला धरून आत ओढत होती. "बाहेर लई भूकंप हाय! आत या! सगळ्याजणी आत या!"

आत अण्णा बनियनवर झोपलेले. डोळे उघडले तर खोलीत पंधरा बायका, कुंकवाच्या करंड्यासकट. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. म्हणाले, "कोण गेलं?" मग त्या आजीबाईंनी, दुसरं काही न सुचून, मुठीतला तिळगूळ त्यांच्यापुढे धरला. "घ्या. गोड बोला."

पहिल्यांदा आपा हसल्या. "या अल्ला," त्या म्हणाल्या, "आपण आत कशाला आलो?" मग जो हशा उठला तो मला बाहेर ऐकू आला. सगळ्या पोट धरधरून हसत होत्या. एकीला उचकी लागली, एकीचं मंगळसूत्र खिडकीच्या कडीत अडकलं होतं, ते सोडवता सोडवता दुसरीला हसू आवरेना.

मी हे बाहेरून ऐकत होते, कारण मी आत गेलेच नव्हते. पंधराच्या पंधरा बायका पळाल्या, माझी आई पळाली, आणि मी अंगणाच्या मधोमध ताट धरून उभी. माझ्याबरोबर शेळी. ती बोरं खात होती. माझे पाय हलत नव्हते.

बायका हसत हसत एकेक करून निघून गेल्या. आई बाहेर येईना. मग ती उंबऱ्यात दिसली, हातात केरसुणी. तिच्या डोक्याला जाळं चिकटलं होतं.

"काय घाण केलीय तुझ्या बापानं," ती म्हणाली. "भिंतीवर क्यालेंडरात अजून त्योच भूकंपाचा सप्टेंबर लटकून राहिलाय. ये की आत, हात लाव."

"तू ये बाहेर," मी म्हटलं. "धक्का नव्हता, शेळी होती."

"म्हाईत हाय शेळी व्हती. ये."

"तुला आत भीती नाही वाटत?"

आईनं केरसुणी खाली ठेवली. "पहिले दोन-तीन महिने लई वाटली. मग गेली."

"मग सव्वा वर्ष बाहेर काय करत होतीस?"

"तुझ्यासाठी पडून व्हते की," ती म्हणाली. "तू त्या दिवसापासून ह्या उंबऱ्यात पाय ठेवलास का? आठव. कपडे बापाकडून फेकून घेतीस. स्लॅबच्या इमारतीतला क्लास सोडून पत्र्याच्या क्लासात शिकवायला लागलीस. वर म्हनतीस, मला कुठं भीती हाय. तुला भित्री म्हटलेलं सोसत न्हाई. मग मीच भित्री झाले."

मला संताप आला. खोटं असतं तर हसले असते. खरं होतं म्हणून संताप आला. स्लॅबच्या क्लासची वेळ गैरसोयीची होती, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं आणि स्वतःही मानलं होतं. मी तिच्यासाठी बाहेर होते, ती माझ्यासाठी बाहेर होती, आणि आत जायची हिंमत फक्त भित्रीकडे होती.

"नांदेडला काय अंगणात शिकवनार हायस?" आईनं विचारलं. "ये."

तिनं हात पुढे केला. मी ताट शेळीपुढेच ठेवलं, तिच्या हाताला धरलं आणि चीर न बघता आत गेले. अण्णांनी चादरीतून विचारलं, "आता कोण आलं?" आई म्हणाली, "शेवटली." मी पलंगाच्या काठावर बसले. मला भीती वाटतेय, असं मी आईला सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, लातुरातला माझा शेवटचा तास. मी ती चौकट फळ्यावर परत काढली आणि पुसून टाकली. पोरांना म्हटलं, सूत्र चुकलं होतं, माझं चुकलं होतं. दोन उलटे शब्द शेजारी बसवले की काही होत नाही, ते एसटीतल्या दोन अनोळखी माणसांसारखे तोंड फिरवून बसतात. उंच बुटका माणूस जगात नसतो. पण तुमची आई तुम्हाला 'मेल्या, आधी जेव' म्हणते की नाही? मेलेला जेवत नाही, हे तिला कळत नाही का? कळतं. ती रागात असते आणि तिला काळजीही असते, दोन्ही एकाच तोंडात, एकाच वेळी. दोन्ही शब्द खरे असले आणि एकमेकांना हटवत नसले, की तो विरोधाभास. ऐकताना खोटा वाटतो, जरा थांबून बघितलं की त्याच्याइतकं खरं काही नसतं.

मग सगळ्यांनाच सुचायला लागलं. मागून आवाज आला, "मॅडम, आमच्या खानावळीतलं वरण. घट्ट पाणी." दुसरा म्हणाला, "रविवारच्या सुट्टीचा जादा तास." एक जळकोटची मुलगी होती, कधी तोंड न उघडणारी. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, वडिलांनी मला लाडानं घराबाहेर काढलं, शिकायला." आणि खाली बसली. दारातून ऐकणारे सर म्हणाले, "हे बरंय. पण बारा मिनिटांची एकवीस झाली मॅडम." त्या दिवशी 'आई वडील'वाल्याला पूर्ण मार्क का नाहीत, हे त्याला स्वतःलाच कळलं. पण दिलेला अर्धा त्यानं परत केला नाही.

सोमवारी मी नांदेडला रुजू झाले. शाळा दोन मजली, माझा वर्ग वरचा. पहिले काही दिवस मी दाराच्या इतकी जवळ उभी राहून शिकवायचे, की मागच्या बाकांवरची पोरं माझ्यासाठी पुढे सरकून बसली. मग हळूहळू मी खुर्चीपर्यंत पोचले, आणि एका दिवशी खिडकीपर्यंत. भाड्याच्या खोलीलाही स्लॅब होता. सवय झाली.

तीनेक आठवड्यांनी आईचं पत्र आलं. तिनं सांगितलेलं आणि अण्णांनी लिहिलेलं, लॉगशीट भरायच्या अक्षरात. मी ते मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये फोडलं. देव आत नेले, टीव्ही आत नेला, चीर बुजवून घेतली, आपाची शेळी व्याली. सगळं नीट होतं. आणि शेवटी :

'मी परत अंगणातच झोपायला लागले. भीती आता जरासुदिक न्हाई. आत लई मोकळं मोकळं वाटतं, झोप येत न्हाई. बाहेर तुझी बाज हाय, तिच्या शेजारी लागते. तू काळजी करू नको. घरात नीट झोप.'

शेजारच्या खुर्चीतल्या बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "घरी सगळं बरं ना?"

"हो," मी म्हटलं, "आई आता घाबरत नाही." आणि मला जे रडू फुटलं, ते घंटा झाली तरी थांबेना. त्यांना बिचाऱ्यांना काही कळेना, त्यांनी मला पाणी दिलं.